कळवणचा पाऊस आणि समुद्रातली यंत्रं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी कळवणचा. आमच्या गावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण मधे सह्याद्री उभा. आमची गिरणासुद्धा समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते, मालेगाव-भडगाव करत जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि तापीच्या सोबतीनं मोठा वळसा घालून सुरतेजवळ अरबी समुद्र गाठते. त्यामुळे आमच्याकडे समुद्राचा विषय काढला की समोरचा शेतकरी सहज विचारतो, “त्याचं आम्हाला काय?”

या प्रश्नाचं उत्तर २०१९ सालानं दिलं. त्या वर्षी देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला आणि त्याची माघार सुरू व्हायला ९ ऑक्टोबर उजाडला. माघारीला इतका उशीर त्याआधी नोंदला गेला नव्हता. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ अशी दोन चक्रीवादळं एकाच वेळी घोंगावत होती. ती आपल्या किनाऱ्याला थेट धडकली नाहीत, पण नाशिक जिल्ह्यात अवकाळी पावसानं द्राक्षबागा झोडपल्या, मका शेतात सडला, कांद्याची रोपं वाफ्यातच गेली. ज्यांनी महागाचं उळं टाकलं होतं, त्यांना ते पुन्हा विकत घ्यावं लागलं. या साऱ्याचं मूळ होतं त्या वर्षी असाधारण तापलेल्या पश्चिम हिंद महासागरात.

समुद्राला एवढं महत्त्व का? हवा लवकर तापते आणि लवकर निवते. पाण्याचं तसं नाही. साऱ्या वातावरणात जेवढी उष्णता मावते, तेवढी समुद्राच्या वरच्या तीन-साडेतीन मीटर पाण्यात मावते. हा साठा महिनोन् महिने टिकतो. म्हणून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधायचा तर आजचं आभाळ पाहून भागत नाही, समुद्राच्या पोटात किती ऊब शिल्लक आहे ते पाहावं लागतं.

उपग्रह आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत, आणि आपलेही आहेत. १९९९मध्ये ‘ओशनसॅट’ मालिकेतला पहिला उपग्रह गेला, २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तिसरा गेला. पण पाण्याचं तापमान उपग्रहाला दिसतं ते पृष्ठभागाचं. पन्नास किंवा पाचशे मीटर खाली काय चाललंय, ते त्याला कळत नाही. त्यासाठी पाण्यातच उतरावं लागतं. पूर्वी हे काम जहाजं करत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ची, आणि आपलं ‘सागरकन्या’ हे संशोधन जहाज १९८३चं. परंतु जहाज जिथे जाईल तिथलीच नोंद मिळणार, आणि ऐन पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात तीही कठीण.

या अडचणीवर उपाय निघाला तो ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय योजनेतून. यातलं यंत्र, ज्याला फ्लोट म्हणतात, म्हणजे माणसाच्या उंचीची, वीस-पंचवीस किलो वजनाची एक नळकांडी. ती समुद्रात सोडली की एक हजार मीटर खोल जाते आणि तिथल्या प्रवाहाबरोबर वाहत राहते. दर दहा दिवसांनी ती दोन हजार मीटरपर्यंत उतरते आणि वर येताना पाण्याचं तापमान, खारटपणा आणि दाब मोजत येते. वर आली की उपग्रहाला सगळे आकडे कळवते आणि पुन्हा बुडी मारते. हे जमतं कसं? आतलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की यंत्राचं आकारमान वाढतं, वजन मात्र तेवढंच राहतं, म्हणून ते वर येतं. तेल आत ओढलं की खाली जातं. विहिरीत पोहायला शिकलेल्याला हे लगेच पटेल. छातीत हवा भरून घेतली की अंग तरंगतं, सोडून दिली की बुडू लागतं.

२००७च्या नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या अशा फ्लोटची संख्या तीन हजारांवर गेली. आज ती चार हजारांच्या घरात आहे. भारतही ते समुद्रात सोडतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था हिंद महासागरातले आकडे तपासते, आणि ते कोणालाही विनामूल्य मिळतात.

दुसरा प्रकार नांगरलेल्या बोयांचा. १९९७ साली प्रशांत महासागरात जबरदस्त एल निनो होता. सगळ्यांनी दुष्काळाची धास्ती घेतली, पण आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला. पुढे १९९९मध्ये साजी, यामागाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हिंद महासागराचंही स्वतःचं एक पारडं आहे. कधी त्याची आफ्रिकेकडची बाजू तापते आणि सुमात्राकडची निवते, कधी याच्या उलट. हे पारडं मोजायला प्रशांत महासागरात होती तशी बोयांची रांग आपल्याकडे नव्हती. ती नंतर अनेक देशांनी मिळून उभारायला घेतली. ठरवल्या ४६ जागा, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं ‘रामा’! चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थाही अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात स्वतःचे बोये राखते.

इथे ‘राखते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बोयाखाली मासे जमतात, म्हणून मच्छिमार त्याला होड्या बांधतात, दोर तुटतात, सौरपट्ट्या चोरीला जातात. सोमाली चाच्यांच्या भीतीनं ‘रामा’च्या पश्चिमेकडच्या काही जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. फ्लोटची बॅटरी चार-पाच वर्षांत संपते, म्हणजे दर वर्षी जगाला शेकडो नवे फ्लोट सोडावेच लागतात. प्रशांत महासागरातल्या बोयांच्या देखभालीचा खर्च २०१२मध्ये आखडला गेला आणि २०१४च्या सुरुवातीला तिथून जेमतेम चाळीस टक्के नोंदी येत होत्या. तेही एल निनोकडे डोळे लावून बसण्याच्या दिवसांत. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं आपल्याकडे पाऊस तुटीचा होता, हे विसरता येत नाही.

नवं यंत्र सोडलं की बातमी होते, छायाचित्र छापून येतं. जुन्या यंत्राची बॅटरी संपली तर कोणाला पत्ताही लागत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनचं गणित करणारा संगणक कितीही मोठा असो, त्याला आरंभ आजच्या समुद्रापासूनच करावा लागतो. ती नोंदच अपुरी असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

शेतकरी बंधूंना एवढंच सांगेन. एप्रिलमध्ये येणारा अंदाज साऱ्या देशाचा आणि शक्यतेच्या भाषेतला असतो. १०४ टक्के म्हटलं म्हणून चणकापूर भरेलच असं नाही. या अंदाजावर वर्षाचा ढोबळ हिशेब करावा. उळं टाकायचा दिवस मात्र जवळच्या दिवसांचा अंदाज आणि आपल्या मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद पाहून ठरवावा. आणि शक्य असेल तर सगळं उळं एकाच दिवशी टाकू नये. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन वाफे केले, तर अवकाळीत एक तरी हाताशी राहतो.

आपल्या मंडळातलं केंद्र बंद पडलं तर तलाठ्याला विचारा, ग्रामसभेत विषय काढा. समुद्रातल्या बोयापर्यंत आपला हात पोचत नाही, गावच्या पर्जन्यमापकापर्यंत तरी नक्कीच पोचतो.