हस्तिदंताचें मोल

‘हत्तीचे दाखवायचे दांत निराळे आणि खायचे निराळे,’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तींत हत्तीवर थोडा अन्याय झाला आहे. सुळे हे केवळ मिरविण्याचे अलंकार नव्हेत. कोरड्या पात्रांतील वाळू उकरून पाणी काढावें, झाडाची साल सोलावी, शत्रूस दूर ठेवावें, हीं कामें तो सुळ्यांनींच करतो. सुळा म्हणजे वाढलेला दांत. त्याचा बराच भाग कवटींत रुतलेला असतो. म्हणून हत्तीचा जीव घेतल्यावांचून संबंध सुळा व्यापाऱ्याच्या हातीं लागत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंत पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू यांसाठीं हस्तिदंताची मागणी अतोनात वाढली. आफ्रिकेच्या अंतर्भागांतून हमालांच्या खांद्यांवरून सुळे झांजिबारला येत. तेथून पुष्कळसा माल मुंबईसहि उतरे; कारण गुजराथ-राजपुतान्याकडे वधूच्या हातीं हस्तिदंती चुडा भरण्याची चाल होती. पुढें जपानांत नांवाच्या शिक्क्यांसाठीं व चीनमध्यें कोरीव कामासाठीं हीच मागणी चालू राहिली.

१९७९ सालीं आफ्रिकेंत सुमारें १३ लक्ष हत्ती असावेत असा अंदाज होता. १९८९ मध्यें तो ६ लक्षांवर आला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत केनियाचे अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनीं जप्त केलेले सुमारें १२ टन सुळे जाहीरपणें जाळले, आणि आक्टोबरांत लोझान येथील परिषदेंत राष्ट्रांनीं आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी घातली. चीननें आपल्या देशांतील हस्तिदंताची विक्री २०१७ च्या अखेरीस बंद केली.

परंतु या व्यापाराची खूण हत्तीच्या शरीरावरहि उमटली आहे. मोझांबिकमध्यें १९७७ ते १९९२ पर्यंत यादवी चालली. लढणाऱ्या दोन्ही पक्षांनीं गोरोंगोझाच्या अरण्यांतील हत्ती मारले आणि सुळे विकून युद्धाचा खर्च भागविला. दहांतले नऊ हत्ती नाहींसे झाले. आफ्रिकेंत नराप्रमाणें मादीसहि सुळे असतात. परंतु कांहीं माद्या जन्मतःच बिनसुळ्यांच्या निपजतात. त्यांत शिकाऱ्याचा लाभ नव्हता, म्हणून त्या वांचल्या. युद्धापूर्वीं शंभरांत अशा अठरा-एकोणीस होत्या. युद्धानंतर एक्कावन्न झाल्या. हें व्यंग आईकडून लेकीकडे जातें, आणि तें ज्याच्या वांट्यास येतें तो नर गर्भ बहुधा जगत नाहीं, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

म्हणजे जो दांत हत्तीच्या उपयोगाचा, तोच त्याच्या मृत्यूचें कारण झाला. आणि जी दांतावांचून जन्मली, तीच जगली. हत्तीण बावीस महिने गर्भ वाहते, आणि एका वेळीं बहुधा एकच पिलूं देते. कायदा एका बैठकींत होतो. गोरोंगोझाच्या कळपास त्याचे दांत परत मिळण्यास मात्र कित्येक पिढ्या लागतील, आणि तेंहि तेथें बंदूक पुन्हां वाजली नाहीं तरच.