दम उसळतो तेव्हा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण तासन् तास बोलतो. आज छातीवर बोलू. खोलीत कापूस भरलेला, खळ्यावर ज्वारीची मळणी, चुलीत पऱ्हाटी, तोंडात बिडी. ही धूळ, हा धूर वर्षानुवर्षे आपल्या फुप्फुसात बसतो. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. आपण 'जुना दमा' म्हणून सोडून देतो. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही तो होतो, कारण तिने जन्मभर चूल फुंकलेली असते.

सर्दी-तापाने, धुळीने, धुराने हा रोग एकदम उसळतो. दम आणि खोकला वाढतो, बेडका पिवळा-हिरवा होतो. तेव्हा आपण काय करतो? माणसाला आडवे निजवतो, भोवती गर्दी करतो, सलाईन लावतो. आणि मोठ्या दवाखान्याचे म्हणाल, तर 'कापूस विकल्यावर बघू'.

हे चुकते. माणसाला बसवा, कोपरे गुडघ्यांवर टेकवून पुढे झुकू द्या. श्वास नाकाने घ्यायचा आणि फुंकणीवर फुंकताना करतो तसे ओठ करून, जोर न लावता, सावकाश सोडायचा. या रोगात हवा आत अडकते. जुनी बाहेर गेली तरच नवीला जागा होते. मायबहिणींना ही फुंकर पाठच आहे. फक्त चुलीपासून दूर बसून घाला.

डॉक्टरांनी दिलेला पंप लगेच घ्या. पंपाची सवय लागते, ही अफवा आहे. औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून थोडेच पुरते. पाठीवर विषाचा पंप वाहणारे आपण, औषधाच्या पंपाला का भ्यावे? बेडक्याचा रंग बदलला तर डॉक्टरांना दाखवा. मागच्या वेळच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

एक वाक्य एका दमात बोलता येईना, ओठ निळे पडले, माणूस गुंगू किंवा बरळू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा. रोग जुना आहे हे तिथे सांगा, कारण अशा रोग्याला ऑक्सिजन मोजूनच देतात. बहुधा ८८ ते ९२ टक्के पातळी धरून. भरमसाट दिला तर घात होतो.

आज गावी परतल्यावर एवढे करा : दमेकरी कोणाच्या घरी आहे आणि रात्री गाडी कोणाची निघेल, हे ठरवून ठेवा. कापूस चार दिवस थांबेल. श्वास थांबत नाही.