बारमाही कसरत आणि विसावा



शरीरसौष्ठवाच्या किंवा ताकदीच्या स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या तरुणाने वर्षभर कसरतीला बांधून घ्यावे काय, असा विषय चालकांनी आम्हांला दिला आहे. आमचा पेशा कामगार संघटनेचा. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर. परंतु कामाचे तास, रजा आणि ताटातली भाकरी यांचा हिशेब करण्यात आमची उमर गेली, आणि हा प्रश्नही त्याच हिशेबाचा आहे.

पूर्वी जत्रा जवळ आली म्हणजे पोरे तालमीत घुमू लागत आणि जत्रा उलगली की लंगोट खुंटीला लागे. गावच्या फडाला तेवढे पुरे. राज्याच्या स्पर्धेला ते पुरत नाही. सराव थांबला की दोन-चार आठवड्यांतच दम उतरू लागतो. ताकद त्या मानाने जरा टिकते. तेव्हा सराव बारमाही हवा, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो ‘बारमाही’ या शब्दाच्या अर्थाविषयी. बारा महिने सारखाच जोर, असा अर्थ पुष्कळ पोरे घेतात. सोव्हिएत रशियातील मत्वेयेव्ह या अभ्यासकाने 1960 च्या दशकात खेळाडूच्या वर्षाची वाटणी मांडली : तयारीचा काळ, स्पर्धेचा काळ, आणि त्यानंतर हलक्या सरावाचा काळ. आमच्या शेतकऱ्याला यात नवे काय वाटणार? जड कसरतीने स्नायू शिणतो. तो भरून येतो आणि वाढतो, ते नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत. कारखान्यातले यंत्र तेलपाण्यासाठी बंद ठेवतात, कारण ते मालकाचे असते. शरीर तर आपले आहे. त्याला सुटी द्यायला कोणाची सही लागते?

आता ताटाकडे वळू. अशा कसरतीला दर किलो वजनामागे रोज सुमारे दीड ग्रॅम प्रथिने लागतात. सत्तर किलोच्या गड्याला 105 ग्रॅम झाली. एका अंड्यात सहा ग्रॅम. म्हणजे सतरा-अठरा अंडी! डाळ, दूध, मासळी धरून हे भागते, पण फुकट भागत नाही. कंत्राटी पगारावर घर चालवणारा पोरगा रात्रपाळी करून सकाळी वजने उचलतो आणि चार तास झोपतो. झोप आणि अन्न जिथे कमी पडते तिथे सुई शिरते. स्टेरॉइडने दंड फुगतात, आणि हृदय नि यकृत नासतात. अशा पोराला नुसता उपदेश करणारे आम्हांला आवडत नाहीत. त्याची पाळी बदलून देणारा एखादा भेटला तर सांगा.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनला मॅटवर उतरले. अंग मातीत घडलेले. तरी सहावे आले. चार वर्षे सराव सोडला नाही, आणि 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक आणले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले; गावानेही वर्गणी काढली. पुढची गोष्ट आम्हां संघटनेच्या माणसांना अधिक झोंबते. एक लांबलेली कुस्ती संपताच खाशाबांना दुसऱ्या कुस्तीसाठी पुकारण्यात आले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, असे सांगतात. दमलेला मल्ल हरला. नियम कागदावर होता, तो बजावणारा माणूस जवळ नव्हता.

म्हणून आमची मागणी पोरांकडे नाही, व्यायामशाळांच्या चालकांकडे आहे. वर्षाचे वेळापत्रक भिंतीवर लावा, त्यात विसाव्याचे आठवडे लिहा. आणि स्पर्धेआधीचे तीन महिने गड्याच्या खुराकाचा भार मंडळाने उचलावा, त्याची दिवसपाळी व्हावी म्हणून कारखान्यात मंडळाने अर्ज करावा. एका चालकांना आम्ही हे सुचवले, तेव्हा ते म्हणाले, “मग मंडपाला आणि ढालींना पैसे कुठून आणू?” मंडप दोन हात लहान घाला, असे आम्ही सांगितले. तरीही कमी पडले, तर वर्गणीच्या पावतीपुस्तकासह आम्ही दारोदार यायला तयार आहोत.