जोडा कुठे चावतो?



पन्नाशी जवळ आली की डॉक्टर एक वाक्य हमखास ऐकवतात, ‘रोज अर्धा-पाऊण तास चालत जा.’ मग सकाळी चालावं की संध्याकाळी, भरभर की सावकाश, यावर घरात बरीच चर्चा होते. पायात काय घालायचं, हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडत नाही. पुरुषांना तर नाहीच. ऑफिसचे बूट जुने झाले की ते फिरायला काढायचे, नाहीतर मुलाला नकोसे झालेले स्पोर्ट शूज बाबांनी झिजवायचे, ही आपल्याकडची रीत. मोठ्या उत्साहानं सुरू केलेलं फिरणं आठवडाभरात बंद पडतं, तेव्हा आपण आळसाला दोष देतो. पुष्कळदा कारण टाचेवरचा फोड हेच असतं.

‘माझा नंबर आठ’ हे आपण रक्तगट सांगावा तितक्या खात्रीनं सांगतो. हा आठ ठरला कधी? बहुधा कॉलेजात असताना. त्यानंतर वजन वाढलं, पावलातल्या २६ हाडांना बांधून ठेवणारे बंध सैलावले, तळव्याची कमान थोडी खाली बसली आणि पाऊल लांबी-रुंदीला पसरलं. आकडा तेवढा तोच राहिला. शिवाय हा आकडा इंग्रजी मापाचा. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर, आणि तोही फक्त लांबीतला. आपली खरी अडचण रुंदीची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या लाखभर लोकांची पावलं मोजली. भारतीयांचं पाऊल युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतं, असं त्यात दिसून आलं. बोटं आवळली जातात म्हणून आपण एक नंबर मोठा बूट घेतो. मग पुढे रिकामी जागा राहते, टाच मागे वर-खाली सरकते आणि फोड येतो. अशा वेळी मोठा नंबर नको, रुंद बूट हवा. काही कंपन्यांच्या खोक्यावर ‘२ ई’, ‘४ ई’ अशा खुणा असतात, त्या या जास्त रुंदीच्या. दुकानदार आपण होऊन दाखवत नाही, विचारावं लागतं.

दुकानात जाण्यापूर्वी घरी पाच मिनिटांचं एक काम करा. संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. कोऱ्या कागदावर उभे राहा, बसून नको, आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा. दोन्ही पावलांची. ती सारखी नसतात, हे पाहून अनेकांना नवल वाटतं. जे पाऊल मोठं, त्याच्या मापाचा बूट घ्यायचा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. हे बोट अंगठाच असेल असं नाही, काहींचं शेजारचं बोट लांब असतं. नव्या बुटांच्या खोक्यावर पुष्कळदा सेंटिमीटरचा आकडाही छापलेला असतो. एका कंपनीचा आठ आणि दुसरीचा आठ यांत फरक पडतो, तेव्हा हा आकडा कामाला येतो. मग कागदावरची आकृती कापून घ्या आणि दुकानात बुटाच्या तळावर ठेवून पाहा. कागद चारी बाजूंनी बाहेर डोकावला, तर तो जोडा घालून पाहण्याचीही गरज नाही.

दुकानात आपले नेहमीचे मोजे घालूनच जावं. दोन्ही बूट घालून, नाडी बांधून उभं राहावं. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहायला हवी. मग दहा-वीस पावलं चालावं, शक्यतो गालिच्यावर नको, साध्या फरशीवर. विक्रेता म्हणेल, ‘वापरल्यावर सैल होईल, साहेब.’ चामडं रुंदीत थोडंफार सैलावतं, लांबीत मात्र नाही. जे आज टोचतंय ते महिन्यानं सुखावेल, या आशेवर पैसे मोजू नयेत. बूट हातात घेऊन वाकवूनही पाहावा. तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा, कारण चालताना पाऊल तिथंच वाकतं. मधोमध घडी पडणारा बूट नको. टाचेमागचा भाग दाबून पाहिला तर ताठ लागला पाहिजे. तळ मऊ असावा, पण गादीसारखा नव्हे. दुकानात ढगावर चालल्यासारखं वाटणारा तळ चार किलोमीटरच्या फेरीत पाऊल डुगडुगवतो, आणि वय झालेल्या माणसाचा तोल आधीच थोडा कच्चा असतो. वाकून नाडी बांधणं जमत नसेल, तर चिकटपट्टीचे बूट घ्यावेत, त्यात कमीपणा कसला? कोल्हापुरीवर माझा जीव आहे, पण डांबरी रस्त्यावरच्या रोजच्या फेरीसाठी मी ती सुचवणार नाही.

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक, असं आपण म्हणतो. मधुमेहाच्या बाबतीत मात्र ही म्हण खोटी ठरते. हा आजार बरीच वर्षं मुरला की पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. मग जोडा चावतो, पण घालणाऱ्याला पत्ता नसतो. बुटात गेलेला खडा संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना हे नेमकं हेरलं होतं. बोटं आजारामुळे आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा होणाऱ्या इजेकडे दुर्लक्ष होतं आणि त्यातून ती जातात. अशा पावलांसाठी आपल्याकडे सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या, चपला तयार होऊ लागल्या. त्याच पुढे मधुमेहींच्याही कामी आल्या. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून संवेदना पाहतात, दुखत-खुपत काही नाही. संवेदना कमी असेल तर ‘घट्ट वाटत नाही’ या आपल्या मतावर बूट घेऊ नये, कागदावरच्या मापावर घ्यावा. घालण्यापूर्वी बूट उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवावा. खडा, खिळा, उसवलेली शिवण हाताला लागते. रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावेत, किंवा घरातल्या कुणाला सांगावं.

पावसाळ्यात ओले बूट उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका, तळाचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. रविवारची पुरवणी वाचून झाली की याही कामाला येते!

आणि नवा जोडा आणल्या दिवशीच टेकडीवर निघू नका. पहिले दोन-तीन दिवस घरातच, स्वच्छ फरशीवर, अर्धा अर्धा तास घाला. बूट काढल्यावर मोजे उतरवून पाऊल पाहा. लाल वळ उठला असेल आणि तो पंधरा-वीस मिनिटांनीही गेला नसेल, तर जोडा तुमचा नव्हे. तळ स्वच्छ असेल, खोकं आणि पावती जपून ठेवली असेल, तर बहुतेक दुकानदार बदलून देतात.