आकाशातील वहिवाट आणि सरकारचा वकील



शेतातल्या वाटेवरून होणारी भांडणे आपल्यापैकी कुणालाच नवी नाहीत. जवळा बाजारला बाजारासाठी आलेल्या माणसांशी दोन घटका बोलत बसा; कुणाचा ना कुणाचा वाटेचा अर्ज तहसील कचेरीत पडलेला निघतोच. एकाच्या दोन जमिनी असतात, एक ओढ्याच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि मध्ये दुसऱ्याचे शेत. वर्षानुवर्षे मधल्या शेताच्या बांधावरून गाडी जात असते, कुणी कुणाला विचारत नाही. मग एक दिवस काहीतरी बिनसते आणि मधला शेतकरी वाटेवर बाभळीच्या काट्या आणून टाकतो. पेरणी तोंडावर आलेली, आणि औत, बी-बियाणे सगळे अलीकडेच अडकलेले. पुढे तहसीलदार, पंचनामा आणि तारखा.

हीच वाट आकाशात असली आणि दोन शेतकऱ्यांच्या जागी दोन देश असले, तर अर्ज कुठे करायचा? त्या देशांच्या वतीने जो वकील उभा राहतो तो असतो कोण, आणि बोलतो तरी काय? आज मला या सरकारी वकिलाच्या कामाविषयी सांगायचे आहे. एका खऱ्या दाव्याच्या आधारानेच सांगतो, कारण नुसत्या व्याख्या ऐकून कुणाचे समाधान होत नाही.

आधी एक प्रश्न, आकाश कुणाचे? विमाने नवी नवी होती तेव्हा समुद्राप्रमाणे आकाशही सर्वांचे, असे म्हणणारे मोठे पंडित होते. पहिल्या महायुद्धात विमानांतून बाँब पडू लागले आणि हा वाद आपोआप मिटला. १९१९ च्या पॅरिस येथील करारात, आणि पुढे ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारात, स्पष्टच ठरले की आपल्या भूमीवरच्या आकाशावर ज्या त्या देशाची पूर्ण सत्ता आहे. शिकागोला भारताचे शिष्टमंडळही गेले होते. या कराराचा कारभार पाहणारी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना कॅनडातील मॉन्ट्रियल येथे आहे.

आपल्या मुलुखाला या गोष्टीचा अनुभव फार लवकर आला. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. १९४८ साली सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमाने भरून शस्त्रे आणी आणि हैदराबाद संस्थानात बीदर, वारंगळ अशा ठिकाणी उतरवी. मधले आकाश भारताचे; पण परवानगी घ्यायची त्याला गरज वाटली नाही. भारत सरकारने ब्रिटनकडे तक्रार केली. पुढे तिकडे त्याला दंड झाला, २०० पौंड! विमाने भरभरून बंदुका, आणि दंड हा एवढा. आभाळालाही बांध असतो, पण तो राखणे किती कठीण, हे त्यावरून ध्यानात यावे.

आता मुख्य दाव्याकडे येऊ.

१९७१ पर्यंतचा पाकिस्तान आठवा. पश्चिम पाकिस्तान एका बाजूला, पूर्व पाकिस्तान दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये सबंध भारत. म्हणजे आपल्या त्या दोन जमिनींच्या शेतकऱ्यासारखीच स्थिती, नाही का? कराची-लाहोरकडची विमाने भारताच्या आकाशातून ढाक्याला जात. १९६५ च्या युद्धात ही वाट बंद झाली होती. ताश्कंदनंतर १९६६ साली ती पुन्हा उघडली.

३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ नावाचे फोकर विमान दोघा तरुणांनी पळवून लाहोरला नेले. प्रवासी सुखरूप परत आले. विमान मात्र २ फेब्रुवारीला लाहोरच्या विमानतळावर जाळून टाकण्यात आले. विमान पळवणे हा गुन्हा ठरवणारा हेगचा करार त्याआधी जेमतेम दीड महिन्यापूर्वी झालेला. भारत संतापला, आणि ४ फेब्रुवारीला त्याने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. वाटेवर काट्या पडल्या. ढाक्याला जाणारी विमाने सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, वळसा घालून जाऊ लागली.

पाकिस्तानने ३ मार्चला मॉन्ट्रियलच्या संघटनेकडे तक्रार केली. तिथे एक परिषद असते, तिचे तेव्हा २७ सभासद होते. भारताने पहिलाच मुद्दा मांडला की हे गाऱ्हाणे ऐकायचा अधिकारच या परिषदेला नाही.

श्रोतेहो, इथे जरा थांबू, कारण सरकारी वकिलाचे अर्धे काम या एका प्रश्नात असते. सामान्य माणसाला वाटते, वकील उभा राहिला की ‘आमचेच खरे’ असे सांगणार. आंतरराष्ट्रीय दाव्यात तो पुष्कळदा त्याच्याही अलीकडे उभा असतो. खरे कुणाचे हे नंतर पाहू. आधी सांगा, तुम्ही ऐकणारे कोण? आपल्याकडे तहसीलदाराला विचारतात ना, की साहेब, हे काम तुमचे की दिवाणी कोर्टाचे? तेच हे. देशांच्या डोक्यावर कुणी तहसीलदार नसतो. त्यांनी स्वतः कबूल केले असेल तेवढाच अधिकार न्यायाधीशाला, आणि ते कबूल केलेले कोणत्या कागदात, कोणत्या शब्दांत, हे पाहण्यात वकिलाचे महिने जातात.

भारताचे म्हणणे असे. दोन देशांमधला शिकागो करार १९६५ पासून स्थगितच आहे, १९६६ ची व्यवस्था ही वेगळी, खास व्यवस्था होती, आणि विमानाच्या प्रकरणात पाकिस्ताननेच मूळ कराराचा भंग केला आहे. परिषदेला कराराचा अर्थ लावता येईल, अंमल पाहता येईल. पण जो करारच चालू नाही त्याचा अर्थ कसला लावता? परिषदेने २९ जुलै १९७१ रोजी हे म्हणणे फेटाळले.

त्या मतदानाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मताला टाकलेला ठराव होता, ‘परिषदेला अधिकार नाही’. तो संमत व्हायला १४ मते हवीत. म्हणजे जो सभासद गप्प बसला, त्याचे मौन भारताच्या विरुद्ध गेले. प्रश्न उलटा ठेवून ‘परिषदेला अधिकार आहे’ असा ठराव मांडला असता, तर १४ मते दुसऱ्या बाजूला गोळा करावी लागली असती. ज्यांनी ग्रामपंचायतीत ठराव होताना पाहिले आहेत त्यांना यातली खोच लगेच कळेल. भारताच्या वकिलांनी हाही आक्षेप घेतला.

३० ऑगस्टला भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अपिलात गेला. आणि सरकारने वकील कोण निवडला? मुंबईचे नानी पालखीवाला. लहानपणी बोलताना अडखळणारा हा मुलगा इंग्रजी घेऊन एम. ए. झाला. मुंबई विद्यापीठात इंग्रजीचा अध्यापक व्हावे म्हणून त्यांनी अर्ज केला, ती जागा दुसऱ्याला मिळाली, आणि मग ते कायद्याकडे वळले. (आम्हां मास्तर मंडळींना हे ऐकून उगीचच बरे वाटते.) पण खरे नवल पुढेच आहे. १९७० सालीच त्यांनी सर्वोच्च न्यायालयात बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा आणि संस्थानिकांच्या तनख्यांचा, असे दोन्ही खटले सरकारविरुद्ध जिंकले होते. आणि हेगचा निकाल लागल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर ते केशवानंद भारती खटल्यात पुन्हा सरकारविरुद्ध उभे राहिले. मधल्या काळात त्याच सरकारचे वकीलपत्र घेऊन ते हेगला गेले. सरकारने त्यांच्यावर विश्वास टाकला आणि त्यांनीही तो घेतला. यात मला दोघांचाही मोठेपणा वाटतो. आपल्या घटनेच्या ७६ व्या कलमाने महान्यायवादी हे पद निर्माण केलेले आहे, पण सरकारचा वकील महान्यायवादीच असला पाहिजे असे नाही.

वकील एकटा नसतो, हेही सांगितले पाहिजे. परराष्ट्र मंत्रालयात विधी आणि संधी असा एक विभाग आहे. संधी म्हणजे इथे तह, करार. जुन्या करारांची बाडे, तारा, पत्रव्यवहार शोधणे, लेखी कैफियत तयार करणे, समोरच्याच्या कैफियतीला ओळीओळीने उत्तर देणे, हे कष्ट त्या विभागातल्या माणसांचे. न्यायासनावर तेव्हा पाकिस्तानचे सर झफरुल्ला खान होते, ते न्यायालयाचे अध्यक्षही होते. पण स्वतःच्या देशाचा दावा म्हणून या कामापुरते त्यांनी अध्यक्षपद सोडले, आणि भारतालाही आपल्या बाजूचा एक न्यायाधीश नेमण्याचा हक्क मिळाला. भारताने डॉ. नगेंद्र सिंह यांना नेमले. शिष्टाचार म्हणतात तो असा.

१८ ऑगस्ट १९७२ ला निकाल लागला. पाकिस्तानचे म्हणणे होते की भारताचे हे अपीलच चालू शकत नाही. ते न्यायालयाने १३ विरुद्ध ३ मतांनी फेटाळले. तेवढा भारताचा विजय. पण मूळ मुद्द्यावर १४ विरुद्ध २ मतांनी भारत हरला. न्यायालयाने सांगितले ते थोडक्यात असे, की करार संपला असे एका बाजूने नुसते म्हटल्याने त्यातले तंटा सोडवण्याचे कलम मरत नाही. तसे मानले तर ज्याला चौकशी नको तो उठेल आणि ‘करार मोडला’ म्हणून मोकळा होईल.

आणि श्रोतेहो, निकाल लागेपर्यंत ज्या दोन जमिनींसाठी वाट हवी होती त्यांतली एक जमीन पाकिस्तानची उरलीच नव्हती. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला होता. जुलै १९७२ च्या सिमला करारात आकाशमार्ग पुन्हा सुरू करण्याचे ठरले, आणि १९७६ साली तक्रार मागे घेतली जाऊन विमाने प्रत्यक्ष जाऊ-येऊ लागली. आपल्याकडेही वाटेचा निकाल हातात पडेपर्यंत जमीन विकली गेल्याची उदाहरणे आहेत.

पुढची हकीकत लवकर सांगतो. १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या रणाजवळ भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक जातीचे विमान पाडले. त्यातले १६ जण मरण पावले. पाकिस्तान हेगला गेला. या वेळी भारताच्या वतीने खुद्द महान्यायवादी उभे होते, सोली सोराबजी, तेही मुंबईचे. पुन्हा तोच पहिला प्रश्न, तुम्ही ऐकणारे कोण? हेगच्या न्यायालयाचा अधिकार मान्य करताना भारताने १९७४ सालीच लिहून दिले होते की राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले तंटे यातून वगळले आहेत. म्हणजे भाऊबंदकीचे भांडण बाहेरच्या कोर्टात नेणार नाही, असा लेखी करार. २१ जून २००० रोजी १४ विरुद्ध २ मतांनी न्यायालयाने सांगितले की आम्हांला अधिकार नाही. भारत जिंकला. विमान पाडणे योग्य होते की नाही, यावर न्यायालय एक अक्षर बोलले नाही, कारण प्रश्न तिथपर्यंत पोचलाच नाही. तंटा शांततेच्या मार्गाने सोडवण्याचे तुमचे कर्तव्य मात्र कायम आहे, एवढे त्याने दोघांनाही बजावले.

आता माझे मत सांगतो, पटले तर घ्या. १९९९ चा दावा आपण जिंकलो याचा आनंद आहेच. पण १९७२ चा मुद्दा हरलो याचेही मला वाईट वाटत नाही. वाट अडवणारा नेहमी आपणच असू असे थोडेच आहे? २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते १६ जुलैपर्यंत. त्यात एकट्या एअर इंडियाचे २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले, आणि दिल्लीहून युरोपला जाणारे आपले प्रवासी लांबचा वळसा घेऊ लागले. सरकारी वकिलाला हे दोन्ही दिवस एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. आज तो जो युक्तिवाद करील तोच उद्या त्याच्या देशासमोर वाचून दाखवला जाईल. खाजगी अशिलाचा वकील दावा संपला की सुटतो. देशाच्या वकिलाचा अशील कुठे जात नाही.

आणि निकालही कुठे जात नाहीत. २०१७ साली कतारच्या विमानांना सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी आपले आकाश बंद केले. कतार मॉन्ट्रियलच्या परिषदेकडे गेला. ते चौघे, अगदी भारतासारखेच, ‘परिषदेला अधिकार नाही’ म्हणून हेगला अपिलात गेले. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने त्यांची अपिले फेटाळली, आणि त्या निकालपत्रात आधार घेतला तो पुन्हा पुन्हा १९७२ च्या भारत-पाकिस्तान निकालाचा.

शिक्षक मित्रांना शेवटी एक कामाची गोष्ट सांगतो. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पुरा करून या क्षेत्रात जाता येते. इंग्रजी पक्के हवे, फ्रेंच आली तर उत्तम, कारण हेगच्या न्यायालयाच्या त्या दोनच भाषा आहेत. त्या न्यायालयात झालेले सगळे लेखी आणि तोंडी युक्तिवाद छापून प्रसिद्ध झालेले आहेत आणि ते कुणालाही वाचता येतात. पालखीवालांचा १९७२ चा युक्तिवाद त्यांत आहे. वरच्या वर्गातल्या एखाद्या हुशार मुलाला त्यातली चार पाने वाचायला द्या, आणि पाकिस्तानच्या बाजूने उत्तर लिहून आणायला सांगा.