औषधाचा दुसरा डबा
(तामलवाडी येथील बैठकीतील भाषण)



आपल्या घरात 'औषध' म्हटले की फवारणीचा डबा पुढे येतो. बोंडअळीचे औषध आहे, तणाचे आहे. माणसाच्या जखमेला बांधायला मात्र स्वच्छ पट्टी नाही. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात विळा लागला तर जुन्या लुगड्याची चिंधी शोधावी लागते आणि जखमेत तंबाखू नाहीतर चुना भरला जातो. म्हणून आज भावाचा विषय बाजूला ठेवून आम्ही दुसऱ्या डब्याविषयी बोलणार आहोत.

तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर आहे. गाडी मिळाली तर दवाखाना फार लांब नाही. पण आपले अपघात बहुधा रानात होतात. रात्रीच्या विजेवर पाणी देताना, कडब्याची पेंढी उचलताना. तिथून दवाखान्यात पोचेपर्यंतचा वेळ आपल्या हातात असतो. हा डबा तेवढ्या वेळेपुरता आहे. तो डॉक्टरची जागा घेत नाही.

झाकणाचा एक डबा घ्या. त्यात पाकीटबंद जाळीच्या पट्ट्या, गुंडाळायच्या रुंद पट्ट्या, कात्री, चिकटपट्टी, साबणाची वडी, पोव्हिडोन आयोडीनचे मलम, रबरी हातमोजे, जलसंजीवनीची पाकिटे, तापाच्या पॅरासिटामॉल गोळ्या आणि बॅटरी ठेवा. शेजारी हातभर लांबीच्या दोन फळ्या ठेवा. झाकणाच्या आत 108 आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर ठळक लिहा. एका फवारणीला जेवढे पैसे जातात, त्याहून फार लागणार नाहीत.

आता वापर. रक्त वाहत असेल तर स्वच्छ पट्टी ठेवून घट्ट दाबून धरा. सारखी उचलून पाहू नका. रानातला कापूस जखमेत कोंबू नका. मोठ्या किंवा मातीत लागलेल्या जखमेला धनुर्वाताचे इंजेक्शन घ्याच. भाजले तर वीस मिनिटे साधे गार पाणी ओता. टूथपेस्ट लावू नका.

साप चावला तर माणसाला चालवू नका, धीर द्या. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधा म्हणजे हलणार नाही. करकचून दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, रक्त चोखणे, देवळात नेणे, यात माणूस जातो. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही. पहाटे पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या तर वाट पाहू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. म्हणून साप मारून नेण्यात वेळ घालवू नका. ही लस शिरेतून द्यावी लागते आणि तिची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ती घरी ठेवायची वस्तू नाही.

फवारणीचे विष त्याहून जवळ आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसे दगावली. डोके गरगरले, लाळ-घाम सुटला, नजर अंधुक झाली की पंप उतरवा. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, डोळ्यांत गेले असेल तर पंधरा-वीस मिनिटे पाणी मारा. पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. बाटली लेबलासह दवाखान्यात न्या. कोणता उतारा द्यायचा हे डॉक्टरांना त्यावरून कळते. लेबलावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वात जहाल विष. आणि हे दोन डबे एका फळीवर कधीही ठेवू नका.

मायबहिणींनो, डबा कुठे आहे हे घरातल्या पोरासोरांनाही माहीत हवे. कुलूप लावू नका, पण गोळ्या लहानांच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंच ठेवा. पाडव्याला आणि खंडेनवमीला अवजारे पुसाल तेव्हा डबाही उघडा. मुदत संपलेले काढा, संपलेले भरा.

शेवटचे. डबा आपण भरू. दवाखान्यात लस ठेवणे सरकारचे काम आहे. मृग लागण्याआधी प्रत्येक गावातून दोघांनी आरोग्य केंद्रात जावे, सर्पदंशाची लस किती आहे, रात्री डॉक्टर असतो का, हे विचारावे आणि उत्तर ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे. नसेल तर पुढची बैठक आपण आरोग्य केंद्राच्या दारात घेऊ.