घरातील मनोरुग्ण आणि आपली ज्ञाती
(शुक्रवार पेठ, सोलापूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस कुटुंबधर्मावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. त्या धर्माचे जे अंग आपण सारे जाणतो, परंतु चारचौघांत कधी उच्चारीत नाही, तेच आज आम्ही घेतले आहे. ज्या घरात एखादे माणूस मनाने आजारी असते, त्या घराची काय अवस्था होते, हा तो विषय होय.

आमचे धाकटे बंधू एकोणिसाव्या वर्षी या व्याधीने ग्रस्त झाले. कोणी बोलत नसता शब्द ऐकू येणे, आईने वाढलेल्या अन्नात विष असल्याचा संशय, रात्रभर येरझाऱ्या, ही तिची लक्षणे. डॉक्टर तिला स्किझोफ्रेनिया म्हणतात. आम्ही तीस बाहेरची बाधा समजून तीन वर्षे अंगाऱ्याधुपाऱ्यांत दवडली. याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. भगिनीस पाहावयास पाहुणे आले त्या दिवशी आम्ही बंधूंस मागील खोलीत कोंडले व ते परगावी शिकतात असे सांगितले. चहा चालू असता आतून दार वाजले. मातोश्री म्हणाल्या, "वारा आहे."

विवाह झाला. पुढील सात वर्षे मात्र भगिनीच्या सासरचे कोणी आले की तेच दार लागे. त्या काळात मातोश्री त्या खोलीची किल्ली उशाशी घेऊन निजत. सिद्धेश्वराच्या यात्रेतील अक्षता सोहळा चालत जाण्याच्या अंतरावर. परंतु तेथेही त्यांचे जाणे झाले नाही. बंधूंस झोप कशी लागते, हे डॉक्टर विचारीत. मातोश्रींच्या झोपेची चौकशी आम्ही मुलांनीही केली नाही. त्या थकल्यावर हे सारे आमच्या पत्नीवर आले, आणि तिलाही कोणी विचारले नाही. शुश्रूषा म्हटली की ती स्त्रियांचीच, असा आपल्याकडे एक सोयीस्कर समज आहे. असो.

कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकविणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस हाच विकार होता. त्यांनी तो झाकला नाही. १९९७ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली, आणि रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून आपापली हकीकत एकमेकांस सांगू लागले. २००४ सालचा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून झाला. त्यात बहीण आजारी भावास आपल्या घरी आणून सांभाळते. तो पाहताना आम्हांस मान वर करवेना. त्याही पूर्वी, १९५० नंतरच्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्या माणसांस राहावयास लावले. घरच्यांसही शिकविले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याअन्वये रुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध असून सरकारी व्यवस्थेतून उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर घरच्या माणसांसही विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येकाने टिपून ठेवावा.

आता विवाहाचा प्रश्न, कारण सगळी लपवाछपवी त्यासाठीच असते. सर्वसाधारण माणसास आयुष्यात हा विकार होण्याचा संभव शंभरांत सुमारे एक. ज्याच्या मामास तो आहे त्या भाच्यास शंभरांत सुमारे चार. म्हणजे शंभरांतील शहाण्णव भाचरे या विकारापासून मुक्तच राहतात. एवढ्यासाठी आपण मुली नाकारतो! वर वा वधू स्वतः आजारी असल्यास ते लपविणे हा दगा होय, यात आम्हांस शंका नाही. परंतु भावाच्या आजारासाठी बहिणीचे स्थळ परत करणे हा निव्वळ अन्याय आहे.

आमचे बंधू आज नित्य औषध घेतात व दुपारी दुकानाची वही लिहितात. ते पूर्वीसारखे झाले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गतवर्षी औषध चुकले आणि महिनाभर पुन्हा रात्री जागविल्या.

मंडळापुढे आमची सूचना लहानशी आहे. अशा घरी ज्ञातीतील दोन माणसांनी आठवड्यातून एक दुपार जाऊन बसावे, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईस बाजारात, देवळात किंवा नुसते माहेरी जाऊन येता येईल. पहिले घर आमचे धरावे. ज्यांची तयारी असेल, अथवा ज्यांच्या घरी असे दार अद्याप बंद आहे, त्यांनी सभा संपल्यावर आम्हांस कार्यालयात भेटावे. भोजनाची पंगत उठेपर्यंत आम्ही तेथेच आहोत.